आकडा हालला नाही

ज्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याची, ही गोष्ट आहे तिचं नाव सांगत नाही, सांगून फायदाही नाही, यवतमाळ जिल्ह्यात वणी-मारेगावकडं अशा जिनिंगा पायलीच्या पन्नास आहेत आणि सगळ्यांच्या गेटाजवळ तेच चित्र असतं. विटांची एक केबिन, तिला गजाची खिडकी, गजाखाली हात जाईल एवढी फट. बाहेर जमिनीत बसवलेला लोखंडी काटा. कापसाचा ट्रॅक्टर चढला की आतून कोणीतरी ओरडतं, "उतर बे खाली", ड्रायव्हर उतरतो, वजन होतं, फटीतून चिठ्ठी बाहेर. मग गाडी गंजीवर, म्हणजे कापसाच्या ढिगावर, जाऊन खाली होते, परत काट्यावर येते, खाली म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन होतं आणि भरतीच्या वजनातून खाली वजन वजा केलं की शेतकऱ्याच्या सहा महिन्यांचा हिशोब त्या चिठ्ठीवर येतो.

खिडकीच्या आत मुनीमजी बसतात. वय सत्तरीला टेकलेलं, कानात भिकबाळी वगैरे काही नाही हो, कानात पेन असतो. मी पुण्याहून नोकरी सोडून गावी आले (का आले ते परत कधीतरी, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन हे त्यातलं खरं कारण आणि बाकीची कारणं मी लोकांना सांगते ती) तेव्हा शेठच्या पुतण्यानं विचारलं की ताई काट्याचं एखादं सॉफ्टवेअर बनवून द्याल का, बाजारातलं महाग आहे आणि ते इंग्रजीत आहे. मी हो म्हटलं. दहा दिवसांचं काम आहे म्हटलं. आता हसू येतं.

काट्याचं तंत्र तसं सरळ आहे. प्लेटखाली लोडसेल, म्हणजे वजन जाणणारे धातूचे ठोकळे, असतात, वजन पडलं की धातू केसभर दबतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्टीचा (स्ट्रेन गेजचा) विद्युत रोध बदलतो, सगळ्या सेलांच्या तारा एका जंक्शन बॉक्सात येतात आणि तिथून केबिनमधल्या इंडिकेटरला. इंडिकेटर म्हणजे तो लाल आकड्यांचा डबा. त्याच्या मागून एक सिरियल केबल निघते आणि त्यातून तो डबा सेकंदाला अनेकदा वजन सांगत राहतो, कोणी ऐको न ऐको. आमच्या डब्याचा वेग ९६०० बॉड होता. पायथन या भाषेत कोड लिहून त्या केबलचा पोर्ट उघडायचा, ओळ वाचायची, आकडा काढायचा. एवढंच. वाचणारा कोड संध्याकाळच्या चहापर्यंत चालू झाला सुद्धा.

अडलं सगळं खिडकीवर. म्हणजे माझ्या प्रोग्रामच्या खिडकीवर.

पहिली खिडकी टीकेइंटरमध्ये, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या खिडक्या बनवायच्या साधनात, केली. "वजन घ्या" असं एक बटन, ते दाबलं की कोड पोर्टवरून ओळ येईपर्यंत वाट पाहणार. घरी मी नकली आकडे पाठवून तपासलं, मस्त चाललं. जिनिंगवर मुनीमजींनी बटन दाबलं, नेमकी तेव्हा केबल नीट बसली नव्हती, ओळ काही आली नाही आणि खिडकी पांढरी पडली. वर कंसात "प्रतिसाद देत नाही". मुनीमजींनी चष्मा कपाळावर घेतला. "हे मेलं का जित्तं हाये वो?"

प्रश्न बरोबर होता. जित्तं होतं पण वाट पाहत होतं, आणि वाट पाहणारा तोच, खिडकीवर बसणाराही तोच. पडद्यावरची कुठलीही खिडकी म्हणजे मागं एक न संपणारं चक्र असतं, कोणी माउस हलवला का, की दाबली का, मला परत रंगवायचं आहे का, असे निरोप एकेक करून उचलणारं. त्या चक्राच्या मधेच मी सांगून ठेवलं होतं की ओळ येईपर्यंत हलू नको. विंडोज पाच सेकंद पाहतं, प्रोग्राम निरोप उचलत नाही म्हटल्यावर त्याच्या जागी एक भुताची खिडकी उभी करतं, तीच ती पांढुरकी. मुनीमजींना मी सांगितलं की समजा तुम्ही चिठ्ठी द्यायच्या मधेच स्वतः उठून गंजीवर कापूस पाहायला गेले तर खिडकीवर कोण? ते म्हणाले, "म्या काहून जाईन? हमाल हाये न तेच्यासाठी." झालं. सगळ्या थ्रेडिंगची, म्हणजे एकाच प्रोग्राममधली कामं वेगवेगळ्या धाग्यांवर (थ्रेडवर) सोपवण्याची, शिकवणी त्यात आली, मला पुण्यात तीन व्याख्यानं ऐकूनही एवढं थोडक्यात कळलं नव्हतं.

तर मागं हमाल पाहिजे आणि पुढं मुनीम पाहिजे. मागचा कोड पोर्ट ऐकत बसणार, पुढची खिडकी फक्त माणसांशी बोलणार, आणि दोघांमध्ये निरोपांची देवाणघेवाण. आणि खिडकी करायचीच आहे तर मग ब्राउझरचीच का नको, कारण एचटीएमएल मला येतं, मोठमोठे आकडे, रंग, मराठी जोडाक्षरं सगळं त्यात बिनबोभाट होतं, टीकेइंटरमध्ये मी एका रकान्याची रुंदी नीट करायला अर्धा दिवस घालवला होता.

ही कल्पना काही माझी नाही, जुनी आहे. मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत एचटीए नावाचा प्रकार आणला होता, वेबपानच पण डेस्कटॉपच्या प्रोग्रामसारखं चालणारं. पुढं २००८ मध्ये क्रोम आलं आणि त्यानं ब्राउझरचेच तुकडे केले, टॅबचं पान रंगवणारी प्रोसेस वेगळी आणि सगळ्यांवर नजर ठेवणारी वेगळी, म्हणजे एक पान मेलं तरी सगळं घर पडू नये. त्याच क्रोमचा खुला गाभा म्हणजे क्रोमियम, त्याला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) जोडून २०१३ मध्ये गिटहब कंपनीत ॲटम शेल तयार झालं, ॲटम नावाच्या, कोड लिहायच्या एडिटरसाठी, २०१५ मध्ये त्याचं नाव इलेक्ट्रॉन झालं. ॲटम स्वतः डिसेंबर २०२२ मध्ये बंद पडला आणि त्याच्यासाठी बांधलेला ओटा मात्र राहिला, त्यावर आज निम्मी दुनिया बसली आहे. मी ज्यात कोड लिहिते तो व्हीएस कोडही त्याच ओट्यावरचा. इलेक्ट्रॉनमध्ये ही विभागणी नावानिशी आहे, मेन प्रोसेस मागं, रेंडरर पुढं, फाइल, पोर्ट, प्रिंटर सगळं मागच्याच्या हातात, पुढच्यानं निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. आधी पुढच्या पानालाही थेट फाइलींना हात लावता यायचा, मग लोकांच्या लक्षात आलं की खिडकीत बसणाऱ्याच्या हाती तिजोरीची किल्ली ठेवणं बरं नाही, आणि ते दार मुळातच बंद ठेवायला लागले.

पण इलेक्ट्रॉन घेतलं नाही. प्रत्येक प्रोग्रामसोबत अख्खा क्रोमियम येतो, शंभर एमबीच्या वर सामान, आणि जिनिंगच्या कॉम्प्युटरला ४ जीबी रॅम, त्यात पुतण्याचे व्हिडिओ. शिवाय माझा मागचा कोड पायथनचा होता. म्हटलं फ्लास्क घेऊ, छोटा सर्व्हर, १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त त्याच कॉम्प्युटरला दिसेल अशा पत्त्यावर, नेटवर्कच्या ५००० नंबरच्या पोर्टला बसवू, समोर साधं क्रोम उघडू. फ्लास्कचा जन्मच २०१० च्या १ एप्रिलच्या थट्टेतून झाला आहे, हे मला आधी माहीत असतं तर जरा सावध राहिले असते.

पहिल्याच दिवशी काट्याचा सिरियल पोर्ट उघडेना. "ॲक्सेस नाकारला." केबल काढली, लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, इंडिकेटरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुपारी कळलं की फ्लास्क डीबग मोडमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या अवस्थेत, असला की कोड बदलताच प्रोग्राम परत सुरू करणारा रीलोडर चालू असतो आणि तो तुमचा प्रोग्राम दोनदा चालवतो, एक रखवालदार, एक कामकरी. दोघांनीही सिरियल पोर्ट उघडायला हात घातला होता. सिरियल पोर्ट म्हणजे विहिरीवरचा एकच दोर, एकानं धरला की दुसरा कोरडा. डीबग बंद केल्यावर चालायला लागलं. मी जेवले नव्हते त्या दिवशी, मुनीमजींनी त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि झुणका दिला आणि म्हणाले, "खाय आधी, मंग पोर्ट उघडंते." खरंच जेवणानंतर उघडला, ते अजून सगळ्यांना सांगतात.

दुसरा त्रास टॅबचा. क्रोममध्ये आमचा काटा हा एक टॅब, शेजारी पुतण्याची क्रिकेट मॅच. मी पानात असं केलं होतं की गाडी चढून वजन स्थिरावलं की पीऽऽप वाजेल. पीप वाजे, पण कधीकधी मिनिटभरानं, तोवर ड्रायव्हर हॉर्न मारून मारून वेडा. मी पार केबल, पोर्ट, पायथन सगळं धुंडाळलं. मागचा कोड निर्दोष होता. झोपलं होतं ते पुढचं पान. जो टॅब समोर नाही त्याचे टायमर ब्राउझर मुद्दाम सावकाश चालवतो, बॅटरी वाचावी म्हणून, आणि २०२१ च्या जानेवारीत आलेल्या क्रोम ८८ पासून तर पाच मिनिटांपेक्षा जास्त दडून राहिलेल्या गप्प पानाचे टायमर मिनिटातून एकदाच तपासले जातात. ब्राउझरच्या बाजूनं बरोबरच आहे, त्याला काय माहीत की या टॅबमागं ट्रॅक्टरची लाइन लागली आहे.

आणि टॅब बंद केला तर? मुनीमजी संध्याकाळी टॅबची फुली दाबून घरी जायचे, त्यांच्या हिशोबानं दुकान बंद. मागं फ्लास्क चालूच, पोर्ट धरून बसलेला. सकाळी कोणी परत प्रोग्राम सुरू केला की नवा आणि जुना दोघं भांडायचे. एकदा तर दोन टॅब उघडे, दोन्हीकडून "छापा", एकाच गाडीच्या दोन चिठ्ठ्या. त्यातच मी फोनवरून तपासायला सोपं जावं म्हणून सर्व्हर ०.०.०.० वर ठेवला होता, म्हणजे वायफायवरच्या कोणालाही खुला. शेठला ते फार आवडलं, "मले फोनवर वजन दिसते!" शेठला दिसत होतं तसं गेटबाहेरच्या चहावाल्यालाही दिसलं असतं, वायफायचा पासवर्ड त्याच्याकडंही होता. त्याच रात्री परत १२७.०.०.१ केलं, शेठ दोन दिवस फुगून होते.

मग पायवेबव्ह्यू सापडलं, पायथनच्या प्रोग्रामला वेबपानाची खिडकी देणारी लायब्ररी. यात ब्राउझर सोबत न्यावा लागत नाही, विंडोजच्या पोटात जो आहे त्याचीच खिडकी उघडते, वर पत्त्याची पट्टी नाही, टॅब नाही, क्रिकेट नाही. नियम एकच पण पक्का, खिडकी मुख्य थ्रेडवरच उघडली पाहिजे. स्टार्ट म्हटलं की मुख्य थ्रेड तिथंच थांबतो, सगळ्या खिडक्या बंद होईपर्यंत पुढची ओळ चालत नाही. तुमचं मागचं काम दुसऱ्या थ्रेडवर द्यायचं. मी उलटं करून पाहिलं होतं, खिडकी मागं आणि काम पुढं, कारण मला माझं काम जास्त महत्त्वाचं वाटत होतं, आणि त्यानं चक्क नकार दिला. घरातलं म्हातारं माणूस जसं दारासमोरच्याच खाटेवर बसतं, तिथून हलत नाही, तसं काहीसं.

माझ्या लॅपटॉपवर सुंदर चाललं. जिनिंगच्या कॉम्प्युटरवर कोरी पांढरी खिडकी. आता यात भूत नव्हतं, फक्त त्या मशीनवर वेबव्ह्यू२ (विंडोजचं पानं दाखवणारं नवं इंजिन) नव्हता, मग पायवेबव्ह्यूनं मुकाट्यानं जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन उचललं होतं आणि माझी जावास्क्रिप्ट नव्या वळणाची, बाण वगैरे असलेली, ती त्याला वाचताच येईना. फोनचा हॉटस्पॉट लावून वेबव्ह्यू२ उतरवला. नेटवर्क केबिनच्या छतावर येतं म्हणून फोन छतावर, पुतण्या शिडीवर.

तर अशी ती खिडकी उभी राहिली आणि खरं सांगते, देखणी होती. मधोमध वजनाचा मोठा आकडा, आणि मी त्याला एक नखरा दिला होता, वजन बदललं की आकडा झटक्यात न बदलता हळूच, लोण्यासारखा, वर चढायचा. इंडिकेटरचे लाल आकडे कसे थरथरतात, पाच किलो वर, पाच किलो खाली, तसं काही नाही. शांत. मुनीमजींनाही आवडलं, म्हणाले डोळ्याले गार वाटते. हळूहळू ते इंडिकेटरकडं पाहिनासे झाले, तो डबा टेबलाखाली सरकला, वर माझी खिडकी.

डिसेंबरमधली संध्याकाळ. गेटाबाहेर रस्त्यापर्यंत लाइन, थंडी, ट्रॉल्यांवर ताडपत्र्या. त्या दिवशी मी केबिनमध्येच होते, हिवाळ्यात केबिनमधली शेगडी हेही एक कारण. लाइट गेली, इन्व्हर्टरवर आली, दोन मिनिटांनी परत लाइनवर आली, कोणाचं लक्षही गेलं नाही, आपल्याकडं हे पापणी मिटण्यासारखं आहे. एक गाडी चढली, चिठ्ठी झाली, ६१८० किलो. ती गंजीकडं गेली. पुढची चढली. तिचा मालक एक म्हातारा, धोतर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, तो खिडकीशी येऊन उभा राहिला आणि गजातून माझ्या स्क्रीनकडं पाहत राहिला. मुनीमजींनी छापलं, चिठ्ठी फटीतून दिली. त्यानं घेतली नाही.

"आकडा हालला नाही," तो म्हणाला.

मुनीमजी म्हणाले, आलं न वजन, ६१८०. तो म्हणाला, "वजन आलं थे दिसते मले. माही गाडी चढली तवा आकडा हालला नाही. गाडी चढते तं आकडा नाचते बाप्पा, लगनातल्या नवरदेवाच्या घोड्यावानी नाचते. हा तं मेल्यावानी हाये."

मी टेबलाखालून इंडिकेटर ओढला. लाल आकड्यात ६४२०. माझ्या सुंदर खिडकीत ६१८०. दोनशे चाळीस किलोचा फरक, म्हणजे २ क्विंटल ४० किलो, त्या २०२४-२५ च्या हंगामातला लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल धरला तर १८,००० च्या वर. पोटात खड्डा पडला. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, त्याच्या आधीच्या गाडीची चिठ्ठीही ६१८०, आणि त्याच्याही आधीच्या गाडीची ६१८०. सगळ्यात आधीची खरी. मधली खोटी, आणि ती गाडी गंजीवर अर्धी खाली झालेली होती. भरती वजन गेलं ते गेलं, कापूस ढिगात मिसळला, आता कुठून मोजणार.

काय झालं होतं ते मला रात्री घरी कळलं, काळी खिडकी उघडी ठेवून प्रोग्राम चालवला आणि अर्धवट आकडे मुद्दाम पाठवले तेव्हा. लाइटच्या आलटापालटीत इंडिकेटरनं एक तुटकी ओळ पाठवली असणार, माझ्या कोडनं तिचा आकडा करायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि वाचणारा थ्रेड मेला. पायथनमध्ये मागचा थ्रेड असा मेला की फक्त तोच मरतो. बाकी घर चालू. तो मरताना ओरडतो, पण ते ओरडणं जिथं छापलं जातं ती काळी खिडकी मी मुनीमजींना नको म्हणून लपवलेली. फ्लास्क जिवंत, पान जिवंत, पान दर अर्ध्या सेकंदाला विचारतंय वजन किती, फ्लास्क इमानदारीत सांगतोय ६१८०, कारण शेवटचा जो आकडा त्याच्या हाती पडला होता तो तेवढाच. हमाल मेला आणि मुनीम त्याच्याच नावानं निरोप देत बसला.

टीकेइंटरची ती पांढरी पडलेली खिडकी मला आठवली. तिची मी किती लाज बाळगली होती. पण ती अडकली तेव्हा सगळ्या केबिनला दिसलं की अडकली, मुनीमजींनी विचारलं मेलं का जित्तं. या वेळेला कोणी विचारलं नाही, कारण पुढं सगळं हसतमुख होतं, बटन दाबलं की दाबलं जायचं, छपाई व्हायची, रंग जागेवर. मी पुढचं आणि मागचं वेगळं केलं ते खिडकी कधी अडकू नये म्हणून, आणि ते इतकं नीट केलं की मागं मढं पडलं तरी पुढं कळू नये. हा दोष कुठल्या लायब्ररीचा नाही, लाइटचाही नाही.

आमच्याकडं काट्याचा विषय नाजूक आहे हे पुण्यातल्या मैत्रिणींना समजावून सांगता येत नाही. "काट्यात मारलं" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, भावात मारलं, कडत्यात (वजनातून केलेल्या कपातीत) मारलं, काट्यात मारलं. म्हणून बाबा कधी आंधळेपणानं काट्यावर गेले नाहीत. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळं रोज संध्याकाळी बायांची गाठोडी हुकाच्या काट्याला लावून मोजायचीच असतात, बाबा तो प्रत्येक आकडा सिसपेन्सिलनं कोठ्याच्या भिंतीवर लिहायचे, आणि गाडी भरायच्या दिवशी भिंतीसमोर उभं राहून बेरीज करायचे. कापूस वाळतो, थोडी घट येते, ती धरून त्यांच्या डोक्यात आकडा तयार असायचा. जिनिंगचा आकडा त्याच्या आसपास आला तर ठीक, नाहीतर बाबा गजाशी उभे राहायचे. असे मोजून येणारे अजून आहेत. त्या दिवशी अर्ध्या खाली झालेल्या ट्रॉलीचा हिशोब त्यावरच सुटला. तो पोरगेला शेतकरी होता, त्याच्या बायकोनं मोबाइलमध्ये रोजच्या वेचणीचे किलो लिहून ठेवले होते, मुनीमजींनी ते आकडे एकेक करून बहीत उतरवले, बेरीज केली, घट धरली आणि तेच वजन मान्य केलं. शेठ कुरकुरले. मुनीमजी म्हणाले, चूक आपल्या मशीनची हाये. "माझ्या" नाही म्हणाले, "या पोरीच्या" पण नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोपा उपाय होता, तुटकी ओळ आली तर सोडून दे, पुढची वाच. दोन ओळींचा कोड. पण चूक गिळून गप्प बसणारा कोड म्हणजे तेच दुखणं नव्या कपड्यात, केबलच निघाली तर तो वर्षभर गप्प बसून राहील. मी सगळं उकललं. मागचा कोड आता वेगळा प्रोग्राम आहे, कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप सुरू होतो, सिरियल पोर्ट आणि नोंदी साठवणारी एसक्यूलाइटची फाइल फक्त त्याच्याच ताब्यात. त्याची दुसरी प्रत सुरू करायला गेलं तर नेटवर्कचा पोर्ट आधीच अडलेला सापडतो आणि ती परत फिरते, त्या अडवणुकीचाच कुलूप म्हणून वापर. खिडकी वेगळी, ती दहादा बंद करा, उघडा, मागचं हलत नाही, मुनीमजींनी फुली दाबून खुशाल घरी जावं. प्रत्येक वजनासोबत ते केव्हा वाचलं ती वेळ आणि एक चढता क्रमांक येतो. वजन दोन सेकंदांपेक्षा शिळं झालं की पान आकडा पुसून टाकतं आणि चार आडव्या रेघा दाखवतं, छापायचं बटन मरतं. मागून उत्तरच आलं नाही तरी रेघा. पान स्वतःहून कुठलाही आकडा लक्षात ठेवत नाही, हे लिहिताना सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण मला सवय जुना आकडा धरून ठेवायची, रिकामी जागा वाईट दिसते म्हणून.

तो लोण्यासारखा चढणारा नखरा काढला. आता आकडा डब्यात जसा थरथरतो तसाच पानावर थरथरतो, पाच किलो वर, पाच किलो खाली. आणि इंडिकेटर परत टेबलावर, खिडकीच्या बाजूला, गजातून दिसेल असा. मुनीमजींनी स्वतः उचलून ठेवला, त्याच्यावर पूर्वी होतं तसं हळदीकुंकूही लावलं.

लोक हुशार असतात. त्या म्हाताऱ्याची गोष्ट लाइनीत पसरली आणि महिनाभर प्रत्येक गाडीच्या आधी एखादं पोट्टं काट्याच्या प्लेटवर चढून धाडधाड उड्या मारायचं, बाकीचे गजाशी गर्दी करून दोन्हीकडचे आकडे नाचतात का ते पाहायचे. पुतण्याला राग यायचा. मला आधी अपमान वाटायचा, मग मजा वाटायला लागली, माझ्या कुठल्याच प्रोग्रामची एवढी टेस्टिंग कधी झाली नव्हती.

फेब्रुवारीत मी बाबांना घेऊन सेवाग्रामला दवाखान्यात गेले होते, दोन दिवस फोनही धड लागला नाही. परत आले तर कळलं की पहिल्याच रात्री उंदरानं इंडिकेटरपासून कॉम्प्युटरकडं येणारी केबल कुरतडली. नऊ वाजताची वेळ, बाहेर अकरा गाड्या. मी धसकले. म्हटलं मला काहून नाही कळवलं? मुनीमजी म्हणाले, "तुले कायले कळवू? रेघा आल्या म्हंजे वायर गेली, थे तं तूच सांगितलं होतं." त्यांनी कपाटातून जुनं चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, कार्बन घातला, लाल आकडे पाहून हातानं अकरा चिठ्ठ्या फाडल्या आणि लाइन संपवून घरी गेले.

नवी केबल लावून मी त्या चिठ्ठ्या प्रोग्राममध्ये चढवायला बसले, त्यासाठी "हाताने" असा एक नवा रकाना करावा लागला. कार्बनचं निळं अक्षर, गाडी नंबर, भरती, खाली, निव्वळ. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात मुनीमजींनी, कोणी सांगितलं नसताना, पेनानं चार आडव्या रेघा मारल्या होत्या.